पेन अडखळतंय

कंदील जरा बारीक करा रे, काच काळी पडायला लागलीय. लाइट आता सकाळपर्यंत काही यायची नाही. ऐकायचं असेल तर गपगुमान ऐका. मध्येच कुणी “तात्या, हे खरं का?” म्हणून विचारलं, तर मी उठून घरी जाईन. रंगवून सांगायला मी काही कीर्तनकार नाही. ज्याच्यावर हे आलं तो नाथाजी माझ्या ताटात जेवलेला माणूस. हे त्यानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं.

तर एक जानेवारी एकोणीसशे शहात्तर. गुरुवार. मार्गशीर्षातली अमावस्या. नाथाजी त्या दिवशी साताऱ्याला गेला होता, घड्याळ आणायला.

मनगटावरचं घड्याळ नव्हे. आमचा साखर कारखाना कृष्णाकाठचा. नाव घेत नाही, तुमच्यातलाच कुणीतरी जाऊन बोंबलेल. तिथल्या बॉयलरवर एक यंत्र होतं. त्यात भाकरीएवढा गोल कागद बसवायचा. कागदाच्या मागं चावीचं घड्याळ असतं. ते कागदाला चोवीस तासांत एक फेरी मारायला लावतं, आणि वर दोन पेनं टेकलेली असतात. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते तांबडं पेन दाखवतं. आत पाणी किती सोडलं जातंय ते निळं पेन दाखवतं. दिवसरात्र बॉयलरच्या पोटात काय चाललंय ते त्या कागदावर उमटत राहतं.

रोज सकाळी आठाला कालचा कागद काढायचा, नव्यावर मधोमध तारीख टाकून तो चढवायचा, मग कालचा वाचायचा आणि रजिस्टरात शेरा मारायचा, हे नाथाजीचं काम. गडी हुशार. जोशीबुवांनी पत्रिका वाचावी तसा कागद वाचायचा. “रात्री बाराच्या सुमाराला आग मंदावली हुती न्हवं?” म्हणून सकाळी विचारायचा, आणि रात्रपाळीचे गडी तोंडात बोटं घालायचे. आपण नुसते कारकून नाही, याचा त्याला लई अभिमान होता.

त्या यंत्राचं घड्याळ मागं पडायला लागलं होतं. साताऱ्याच्या घड्याळजीनं ते साफसूफ करून ठेवलं होतं. “चावी तुमच्याकडं आहे, तेव्हा चालवून तुम्हीच बघा,” म्हणाला. नाथाजीनं ते पिशवीत घातलं आणि संध्याकाळची कऱ्हाडवरून पुढं जाणारी एस्टी धरली. उंब्रजच्या अलीकडं चाक पंक्चर झालं. मलकापूरला उतरला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. कारखाना तिथून सात मैल. आता एवढ्या रात्री कुठं जायचं, म्हणून तो सरळ घरी आला. मलकापुरात त्यानं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. बायको लीलाबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. कुलूप काढलं, पिशवी कोनाड्यात ठेवली, सकाळची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि आडवा झाला.

झोप मात्र येईना. एस्टीत बसल्यापासून एकच गोष्ट त्याच्या डोक्यात घोळत होती. आज तिथीनं वर्ष झालं होतं. बिराप्पाला जाऊन.

बिराप्पा कोण ते सांगतो. आटपाडीकडचा धनगराचा पोर. बाप, आजा, पणजा, सगळ्यांचा जन्म मेंढरांमागं गेला. बाहत्तरच्या दुष्काळात हा इकडं आला आणि कारखान्यात पडेल ते काम करता करता बॉयलरवर लागला. रात्री आठ ते पहाटे चार अशी त्याची पाळी. बॉयलरला पाण्याची पातळी दाखवणारी काच असते, तिच्यावर नजर ठेवायची, आणि पाणी कमी पडलं तर हातानं वॉल्व्ह फिरवून सोडायचं. काम एवढंच, पण सगळा कारखाना त्याच्यावर. खाली आग आणि वर पाणी असतंय. पाणी संपलं की नळ्या कोरड्या पडतात, लालभडक होतात आणि फुटतात. बिराप्पाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कान असा तिखट की पंपाला सर्दी झाली तरी सांगेल.

आता नाथाजीनं काय केलं ते ऐका. त्या हंगामाच्या सुरुवातीला, कार्तिकात, एके सकाळी कागदावर तांबड्या रेघेला बारीक दाते पडलेले त्याला दिसले. करवतीला असतात तसे. म्हणजे पाणी मध्येच खाली जाऊन परत वर येतंय. नाथाजी धावत इंजिनिअरकडं गेला. बॉयलर थंड करायला लावला. गव्हाण बंद! गव्हाण म्हणजे ऊस आत ओढून नेणारा पट्टा. हंगामात एक वेळ घरात चूल पेटली नाही तर चालेल, पण गव्हाण बंद पडलेली चालत नाही. नऊ तास कारखाना उभा. बाहेर चारशे बैलगाड्या. ऊस वाळतोय, बैलं हंबरतायत, गाडीवान नाथाजीच्या सात पिढ्या उद्धरतायत. आणि शेवटी निघालं काय? कागद दमट होता म्हणून पेन अडखळलं होतं! बॉयलर ठणठणीत.

त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं लांडगा. तो कँटीनमध्ये शिरला की कोपऱ्यातून कुणीतरी ओरडायचं, “आला रं आला!” आणि सगळे खिदळायचे. खोटं कशाला बोलू, मीही हसलोय. नाथाजी भिंतीकडं तोंड करून डबा खायचा. माणसाला मार सोसतो रे, पण हसणं सोसत नाही.

आणि पुढं जानेवारीत पुन्हा दाते आले.

रात्री अडीचच्या सुमाराला. चार-पाच दाते, मग रेघ सरळ. नाथाजीनं कागद उजेडात धरला, अंगठ्यानं चोळला. इंजिनिअरच्या खोलीकडं दोन पावलं गेला. कँटीनपाशी गडी उभे होते. त्यातल्या एकानं नुसतं हसून बघितलं. नाथाजी माघारी आला आणि रजिस्टरात लिहिलं, ‘पेन अडखळतंय.’

दुसऱ्या दिवशीही दाते. शेरा तोच. तिसऱ्या दिवशीही तोच.

बिराप्पाची पाळी पहाटे चारला सुटायची. तरी पठ्ठ्या आठपर्यंत नाथाजीची वाट बघत थंडीत पायरीवर बसलेला.

“भाऊसाहेब, रातच्याला पानी बसतंय बगा. आडीच वाजलं की पंप घुटमाळतोय. काचंतलं पानी झर्रदिशी खाली जातंय. मी हातानं सोडतो तवा कुटं वर येतंय.”

“काचंत फेस येतोय रं. तुला पानी गेल्यागत वाटतंय.”

“फेस न्हवं जी. आवाज बी येतोय.”

“कागदावर पेन अडखळतंय, बाकी काय न्हाई. कागद तू वाचनार का मी?”

बिराप्पा वरमला. “न्हाई, तुमीच की. तुमी म्हनताय म्हंजी बरूबरच आसंल,” म्हणाला. पटका सारखा केला आणि खोलीवर झोपायला गेला. त्याच्या तोंडावर जरा सुटल्यासारखं दिसलं, असं नाथाजी मला सांगत होता. शिकलेल्या माणसानं काळजी नको म्हणून सांगितलं होतं ना!

सात रात्री असे दाते पडले. सात सकाळी नाथाजीनं तोच शेरा मारला.

आठवी रात्र अमावस्येची. बारा जानेवारी पंचाहत्तर. मी वर्कशॉपात रात्रपाळीला होतो. अडीच वाजून गेले होते. आवाज असा झाला की माझ्या हातातला पाना कुठं उडाला ते मला आजतागायत सापडलेलं नाही. पळत गेलो तर सगळी वाफच वाफ. हाताला हात दिसेना. बॉयलरच्या तोंडावरचं यंत्र, काच, सगळं वितळून खाली आलेलं. आणि बिराप्पा... जाऊ दे. ते सांगत नाही. त्याच्या आईनंही ते बघितलं नाही, आम्ही बघू दिलं नाही.

बातमी कळताच नाथाजी सायकल मारत आला. सगळे बॉयलरकडं पळत होते. तो ऑफिसात गेला. फायलीतून सात कागद काढले, सदऱ्याच्या आत घातले, बटणं लावली, आणि मग सगळ्यांबरोबर बॉयलरकडं पळाला.

चौकशी बसली. मागच्या आठवड्याचे कागद मागितले. “वाफेत भिजून गेले,” नाथाजीनं सांगितलं. रजिस्टरात शेरा होता, पेन अडखळतंय. पेनाचं आणि बॉयलरचं काय? मग पाणी संपलं कसं? बघणाऱ्यानं बघितलं नाही म्हणून. चौकशीवाल्यांनी लिहून टाकलं, मयत इसम कामावर झोपला होता.

झालं. मेलेला माणूस काय सांगायला येतोय!

त्याची आई, हरणाबाई, आटपाडीहून आली. तीन दिवस गेटापाशी बसून होती. तिनं काही मागितलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारायची. “माजा बिरा झोपला हुता का वो?” लोक खाली मान घालून जायचे. तिसऱ्या दिवशी नाथाजी सायकल हातात धरून बाहेर पडला, तेव्हा ती उठून उभी राहिली.

“भाऊसाहेब तुमीच न्हवं? माजा ल्योक तुमचं नाव घ्यायचा. कागदात समदं दिसतंय म्हनायचा. आवं, आमच्यात लांडगा आला तर मेंढरू जातंय, पर राखन्या झोपला म्हनलं तर त्येचं घर जातंय. धाकल्या नानासोला आता राखनीला कुनी न्हेईना. भावकी म्हनती, झोपाळूचा भाऊ. तुमी कागद बगितला आसंल की. झोपला हुता का माजा बिरा?”

“कागद भिजून गेलं, मावशी,” नाथाजी म्हणाला आणि सायकलीवर टांग टाकून निघाला.

असं ते वर्ष गेलं. बॉयलर नवा बसला, यंत्रही नवं आलं, पिशवीतलं घड्याळ त्या नव्याचंच. सात कागद त्याच्या घरी, पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत. जाळावेत म्हणून तीनदा काढले. तीनदा परत ठेवले. जाळायचीही हिंमत नाही आणि दाखवायचीही नाही.

कंदील वाढवू नका. राहू दे तसाच.

तर ती अमावस्येची रात्र. नाथाजी कूस बदलतोय. मलकापूर चिडीचूप. हमरस्त्यावरून मधूनच एखादा ट्रक जायचा, तोही बंद झाला. दोन वाजले असतील, सव्वादोन असतील. त्याला आवाज ऐकू आला.

टिक. टिक. टिक.

शेजारच्यांचं घड्याळ असेल म्हणून त्यानं दुर्लक्ष केलं. मग आठवलं, शेजारी कुलूप आहे. शेजारी जत्रेला गेलेत. तो उठून बसला. आवाज कोनाड्यातून येत होता. पिशवीतून.

चावी दिल्याशिवाय ते घड्याळ चालत नाही. आणि चावी कारखान्यात होती, त्याच्याच कपाटात.

तो तसाच बसून राहिला. हात लावायला धजेना.

मग वास आला. गरम वाफेचा. ओल्या चिपाडाचा. बॉयलरपाशी येतो तो. बंद खोलीत.

आणि मग पलंगाखालून...

कर्र...

थांबलं.

कर्र... कर्र...

कागदावर टाक फिरवावा तसं. पत्र्याच्या पेटीत. रेघ ओढली जात होती, मध्येच अडखळत होती, पुन्हा ओढली जात होती. नाथाजीनं पाय वर घेतले. घोंगडी डोक्यावरून ओढली.

“भाऊसाहेब...”

दाराबाहेरून. दारावर थाप नाही. कडी वाजली नाही. नुसता आवाज. सकाळी आठाला पायरीवर बसून हाक मारायचा तोच.

“भाऊसाहेब, पानी बसतंय.”

नाथाजीनं घोंगडी आणखी घट्ट धरली.

“पंप घुटमाळतोय... आवाज बी येतोय, भाऊसाहेब.”

पेटीतली कर्रकर्र वाढली. टिकटिक वाढली. आणि नाथाजीनं काय केलं माहितेय? डोळे घट्ट मिटले. श्वास लांब केला. झोपलेल्या माणसाचा चालतो तसा. आत... बाहेर... आत... बाहेर. अडतीस वर्षांचा बाप्या, घोंगडीखाली झोपेचं सोंग घेऊन पडला.

सगळं थांबलं.

टिकटिक नाही. कर्रकर्र नाही.

आणि मग दाराच्या फटीशी, अगदी हळू, अदबीनं...

“झोपलाय का, भाऊसाहेब?”

...

शिवी दिली असती तर बरं झालं असतं रे. छातीवर बसला असता तर बरं झालं असतं. त्या आवाजात राग नव्हता. खरंच झोपला असेल तर उठवू नये, असा आवाज होता तो. नाथाजी मला म्हणाला, “तात्या, माजं काळीज तितंच फाटलं. ज्येला आमी झोपला म्हनून लिवलं, त्यो जागा हुता. आन मी जागा आसून झोपलो हुतो. त्या रातीच न्हवं, वरीसभर.”

त्यानं घोंगडी फेकली. उठून बसला. दाराकडं तोंड करून बोलला.

“जागा हाय... जागा हाय मी, बिराप्पा.”

बाहेर शांत.

“पेन न्हवतं त्ये. पानीच बसत हुतं. मला ठावं हुतं. दुसऱ्याच दिशी मी पेन बदललं हुतं, नवं लावलं हुतं, तरी दातं आलं. तवाच कळलं मला. लोक हसतील म्हनून गप बसलो रं...”

हे त्यानं तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. स्वतःलाही सांगितलं नसेल. पेन बदललं होतं, गड्यांनो! पेन नवं, कागद कोरडा, तरी दाते. आणि पठ्ठ्यानं शेरा मारला, पेन अडखळतंय. हसण्याला भ्याला, आणि एक जीव गेला.

किती वेळ तो तसाच बोलत होता, रडत होता, कुणास ठाऊक. मग उठला आणि दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. गल्लीत एक कुत्रं गुंडाळी करून झोपलेलं, त्यानं कानही हलवला नाही.

सकाळी सहाला तो माझ्याकडं वर्कशॉपात आला. डोळे तांबारलेले. घड्याळाची पिशवी माझ्या हातात दिली आणि मघाशी तुम्हाला सांगितलं ते सगळं सांगितलं. मग सदऱ्यातून कागद काढले आणि माझ्या टेबलावर एकेक करून मांडले. पाच जानेवारी, सहा, सात... अकरापर्यंत. सात कागद. मी स्वतः मोजले. त्याच्यावर हसणाऱ्यांतला मीही एक, तेव्हा म्हटलं, चल, मीही येतो. एका धडप्यात कागद बांधले, मी गाठ मारली, आणि विट्यावरून आटपाडीची एस्टी धरली. एस्टीत गाठोडं नाथाजीच्या मांडीवर होतं आणि त्याच्यावर त्याचे दोन्ही हात. गाठ कुणी सोडली नाही.

हरणाबाईचं घर आटपाडीच्या पुढं दोन कोसांवर, माळाला. पोचेस्तोवर दिवस मावळला. नाथाजीनं दारातच टोपी काढली. “मावशी, तुमची भावकी बोलवा,” म्हणाला. दहा-बारा माणसं जमली, पटकेवाली, काठ्या टेकून. नानासोनं कंदील आणला. नाथाजीनं घोंगड्यावर गाठोडं ठेवलं, गाठ सोडली, वरचा कागद उचलला आणि वाचायला लागला.

तसं वाचताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. “ही पाच तारीख. आडीच वाजता तांबडी रेग खाली गेली, म्हंजी पानी बसलं. आता ही निळी बगा. हितं उडी मारली. पंप तर बंद पडत हुता, मग पानी कुनी सोडलं? त्यो बिराप्पाचा हात. पानी वर आलं. परत बसलं. परत निळी उडी. परत बिराप्पाचा हात.” एक कागद खाली ठेवायचा, दुसरा उचलायचा. सात रात्री. सात रात्री त्या गड्यानं नुसत्या हातानं कारखाना जगवला होता. आणि प्रत्येक कागदानंतर नाथाजी म्हणायचा, “मी लिवलं, पेन अडखळतंय. माजी चूक. ह्यो जागा हुता.”

सगळं झाल्यावर त्यानं हरणाबाईच्या पायावर डोकं ठेवलं. म्हातारीनं पाय मागं घेतले नाहीत, की त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. मग भावकीतला एक म्हातारा काठी आपटून म्हणाला, “सात रातीचं झालं. पर म्येला त्या रातीचं काय?”

हरणाबाईनं नाथाजीकडं बघितलं. “व्हय भाऊसाहेब. त्या रातीला?”

नाथाजीनं मान हलवली. आता खोटं बोलायचं नव्हतं त्याला. “त्या रातीचा कागद यंत्रातच हुता, मावशी. यंत्रासंगं जळाला. त्येची राख मी डोळ्यानं बगितलीया. त्या रातीचं मला सांगता यायचं न्हाई.”

म्हातारीनं पदर तोंडात धरला. भावकीची माणसं उठायला लागली. मी म्हटलं, झालं, एवढं येऊन शेवटी तिच्या पदरात अर्धंच पडलं. नानासो खाली बसून कागद गोळा करायला लागला. पोरगं चौथीपर्यंत शाळेत गेलेलं. एकेक कागद उचलत मनात मोजत होतं. मध्येच थांबलं. परत पहिल्यापासून मोजलं.

“भाऊसाहेब,” म्हणालं, “तुमी सात म्हनला. हे आठ हाईत.”

माझ्याच तोंडातून निघालं, “आन बघू.”

सगळ्यांत खालचा कागद होता तो. नवा करकरीत. जळाल्याचा डाग नाही, पाण्याचा थेंब नाही. मधोमध तारीख, बारा जानेवारी. अक्षर नाथाजीचं. मी कंदील जवळ धरला. आता तो कागद वाचायला नाथाजीची गरज नव्हती. आम्हाला सगळ्यांनाच दिसत होतं. अडीच वाजता तांबडी रेघ खाली. निळी उडी. पुन्हा खाली. पुन्हा उडी. खाली... उडी... खाली... उडी. एकोणीस वेळा. मग दोन वाजून चाळीस मिनिटांना तांबडी रेघ तळाला गेली आणि तिथंच संपली. बॉयलर फुटला ती वेळ.

निळी रेघ संपली नव्हती. ती तशीच पुढं चालली होती. उडी... उडी... उडी... पावणेतीन, तीन, साडेतीन. बरोबर चार वाजता, पाळी सुटायच्या वेळेला, ती थांबली होती.